देशांच्या क्षेत्रफळांची तुलना : आपल्या जिल्ह्याच्या मापाने

(इयत्ता सहावी व सातवीच्या भूगोल आणि गणित शिक्षकांसाठी)

भूगोलाच्या पुस्तकात देशांच्या क्षेत्रफळांचे आकडे दिलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. ह्यात दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाही. ज्या आकड्यामागे काही चित्र उभे राहत नाही, तो आकडा मनात टिकावा तरी कसा ?

चाकणनजीकच्या एका शाळेत सातवीच्या वर्गास प्रस्तुत लेखकाने मंगोलियाचे क्षेत्रफळ विचारले. एका मुलाने उभे राहून ते शेवटच्या अंकापर्यंत अचूक सांगितले. ‘म्हणजे किती मोठा देश ?’ ह्या पुढच्या प्रश्नास मात्र वर्गातून उत्तर आले नाही. तेव्हा प्रश्न सोपा करावा म्हणून विचारले, ‘बरे, एक गुंठा केवढा असतो ?’ त्याबरोबर तीन-चार हात वर झाले आणि मुलांनी आपापल्या वाडीतील गुंठ्याचा चालू भाव सांगितला. ‘भाव नको, गुंठा दाखवा,’ असे म्हणताच एकाने खिडकीबाहेरच्या सबंध मैदानाकडे बोट केले. ते मैदान निदान दहा गुंठ्यांचे होते.

ह्या प्रसंगाने विचारात पाडले. ज्या मुलाला आपल्या घरचा गुंठा दिसत नाही, त्याला मंगोलिया कोठून दिसणार ? म्हणून देशांच्या क्षेत्रफळांचा पाठ खंडाच्या नकाशापासून सुरू न करता शाळेच्या अंगणापासून सुरू करावा, असे सुचवावयाचे आहे.

आपल्या भागात ह्या पाठास भूगोलाच्या पलीकडेही महत्त्व आहे. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. पुढे कारखान्यांची वस्ती इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पोहोचली. ज्या शिवारात कांदा व बाजरी पिकत असे, तेथे आज मोटारींचे कारखाने आहेत. आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी जमिनीचे व्यवहार झाले आहेत किंवा चालू आहेत. बाजारात बोली गुंठ्याची, वडील माणसांच्या तोंडी एकर आणि सातबाराच्या उताऱ्यावर हेक्टर व आर. ज्याला ही मापे एकमेकांत बदलता येत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून अंगठा उठवावा लागतो. मग तो सही करणारा असला तरी फरक पडत नाही.

साहित्य

लांब दोरी, चार खुंट्या, मोजपट्टी, फक्की, खाकी कागदाचा मोठा ताव, चौकटीचा कागद, रंगीत घोटीव कागद, कात्री, खळ, पृथ्वीचा गोल व एक मोसंबे.

पहिला टप्पा : अंगणातील गुंठा

प्रथम मैदानावर ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस आखावा. काटकोन साधण्यासाठी दोरीवर ३, ४ व ५ हातांच्या अंतरावर गाठी मारून त्रिकोण करावा. गवंडी हीच युक्ती वापरतो, हे मुलांना ठाऊक असते. चौरसाच्या कडा फक्कीने रेखाव्यात. हा एक गुंठा. त्याचे क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो.

नंतर त्याच कोपऱ्यातून १० मीटर लांब व १० मीटर रुंद असा दुसरा चौरस आखावा. हा एक आर, म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही चौरसांच्या कडा जवळजवळ एकमेकींवर येतात, हे पाहून मुलांना आश्चर्य वाटते. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा असल्याने आर आणि गुंठा ही सख्खी भावंडे आहेत असे म्हणावयास हरकत नाही. १०० आर म्हणजे एक हेक्टर. तो सुमारे २ एकर १९ गुंठे भरतो. आपल्या देशात मेट्रिक मापे १९५८ पासून अमलात येऊ लागली. तरी जुनी मापे लोकांच्या बोलण्यातून गेली नाहीत. म्हणून दोन्ही शिकविणे प्राप्त आहे.

ह्याच वेळी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘चौरसाची प्रत्येक बाजू दुप्पट केली, म्हणजे ६६ फूट केली, तर किती गुंठे होतील ?’ बहुतेक मुले ‘दोन’ म्हणतील. त्यांस चूक न म्हणता मैदानावर आखून दाखवावे व मोजावयास सांगावे. गुंठे चार भरतात. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, ही गोष्ट ज्याने एकदा पायांनी चालून पाहिली, तो ती विसरत नाही. पुढे नकाशा वाचताना हाच नियम पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आपल्या शाळांतून आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा व नेपाळ येथून आलेल्या कामगारांची मुलेही शिकतात. त्यांच्या घरी जमीन बिघा व कठ्ठा ह्या मापांत मोजतात. बिघा सर्वत्र सारखा नाही. बंगालचा बिघा एकराचा सुमारे तिसरा हिस्सा असतो, तर इतरत्र त्याचे माप प्रांतोप्रांती बदलते. मराठी जुन्या दप्तरांतही बिघा व चाहूर आढळतात. ह्या मुलांना आपापल्या घरची मापे घरी विचारून येण्यास सांगावे आणि वर्गात त्यांच्याकडूनच ती समजावून घ्यावीत. निरनिराळ्या मापांची तुलना करावयाची तर आधी सर्व एका मापात आणावी लागतात, हा धडा मग वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरा टप्पा : गुंठ्यापासून जिल्ह्यापर्यंत

एक किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद अशा चौरसात १०० हेक्टर, म्हणजे सुमारे २४७ एकर मावतात. शाळेपासून एक किलोमीटर अंतरावरची खूण, एखादा ओढा, देऊळ किंवा कारखान्याचे फाटक, मुलांना दाखवावी व तेवढा चौरस डोळ्यांपुढे आणावयास सांगावे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे क्षेत्र असे सुमारे १८१ चौरस किलोमीटर आहे. पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सबंध पिंपरी-चिंचवड शहरासारखी सुमारे ८६ शहरे आपल्या जिल्ह्यात बसतील.

येथे शिक्षकाच्या हाती एक सोयीची गोष्ट आहे. १२५ किलोमीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १५,६२५ चौरस किलोमीटर होते; म्हणजे ते पुणे जिल्ह्याच्या क्षेत्रफळाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणून १ सेंटिमीटर म्हणजे १२५ किलोमीटर असे प्रमाण धरले की चौकटीच्या कागदावरील एक सेंटिमीटरचा एक चौकोन म्हणजे एक पुणे जिल्हा होतो. ह्या एका चौकोनाने आता आशिया खंड मोजावयाचा आहे.

तिसरा टप्पा : जिल्ह्याच्या चौकोनाने खंड मोजणे

खाली काही देशांची क्षेत्रफळे चौरस किलोमीटरांत, त्यांत किती पुणे जिल्हे मावतात ती संख्या आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या कागदी चौरसाची बाजू दिली आहे. भागाकार व वर्गमूळ मुलांकडून करवून घ्यावे. उत्तरे पडताळण्यासाठी हा तक्ता शिक्षकाजवळ असावा.

सिंगापूर : सुमारे ७३५, जिल्ह्याचा एकविसावा भाग, बाजू २ मिलिमीटर
ब्रुनेई : ५,७६५, जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक, ६ मिलिमीटर
लेबानन : १०,४५२, जिल्ह्याचा दोन-तृतीयांश, ८ मिलिमीटर
कुवेत : १७,८१८; १.१ जिल्हे, १.१ सेंटिमीटर
भूतान : ३८,३९४, अडीच जिल्हे, १.६ सेंटिमीटर
श्रीलंका : ६५,६१०; ४.२ जिल्हे, २ सेंटिमीटर
नेपाळ : १,४७,१८१, ९.४ जिल्हे, ३.१ सेंटिमीटर
बांगलादेश : १,४७,५७०, ९.४ जिल्हे, ३.१ सेंटिमीटर
जपान : सुमारे ३,७८,०००, २४ जिल्हे, ४.९ सेंटिमीटर
म्यानमार : ६,७६,५७८; ४३ जिल्हे; ६.६ सेंटिमीटर
मंगोलिया : १५,६४,११६, १०० जिल्हे, १० सेंटिमीटर
इंडोनेशिया : सुमारे १९ लाख, १२२ जिल्हे, ११ सेंटिमीटर
कझाकस्तान : २७,२४,९००, १७४ जिल्हे, १३.२ सेंटिमीटर
भारत : ३२,८७,२६३, २१० जिल्हे, १४.५ सेंटिमीटर
चीन : सुमारे ९६ लाख, ६१४ जिल्हे, २४.८ सेंटिमीटर

सबंध आशिया खंड सुमारे ४ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरांचा आहे. खाकी कागदावर ५३ सेंटिमीटर बाजूचा चौरस आखला की तो आशिया झाला. प्रत्येक गटाने एकेका देशाचा चौरस घोटीव कागदातून कापून त्यावर चिकटवावा. सिंगापूरचा तुकडा कात्रीने कापता येत नाही. तो पेन्सिलीने टिंब देऊन दाखवावा लागतो. पिंपरी-चिंचवड तर एक मिलिमीटर बाजूचे बारीक टिंब होते. ज्या शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास एस. टी.च्या गर्दीत तासभर लागतो, ते शहर खंडाच्या तावावर सुईच्या अग्राएवढे दिसते. मुले येथे बराच वेळ रेंगाळतात; त्यांस रेंगाळू द्यावे.

त्याच तावाशेजारी दुसऱ्या कागदावर आपल्या देशातील राज्ये दाखवावीत. महाराष्ट्र (३,०७,७१३) सुमारे २० पुणे जिल्ह्यांचा, उत्तर प्रदेश (२,४०,९२८) सुमारे १५ जिल्ह्यांचा, ओडिशा (१,५५,७०७) १० जिल्ह्यांचा, बिहार (९४,१६३) ६ जिल्ह्यांचा आणि गोवा (३,७०२) जिल्ह्याच्या पाव हिश्शाहून थोडा लहान. ज्या मुलाचे गाव ज्या राज्यात, त्याच्याच हातून त्या राज्याचा चौरस चिकटवून घ्यावा. वर्गात मागे बसणाऱ्या मुलाचेही गाव भिंतीवर आले म्हणजे तो पुढे येऊन बोलू लागतो.

नकाशा कोठे फसवितो

आता वर्गातील जगाचा नकाशा भिंतीवर लावावा आणि विचारावे : ‘भारत मोठा की कझाकस्तान ?’ पुष्कळशा नकाशांत कझाकस्तान मोठा दिसतो. आपले कागदी चौरस मात्र उलट सांगतात. दोहोंपैकी कोण खरे, हा वाद वर्गात होऊ द्यावा; उत्तर लगेच देऊ नये.

मग मोसंब्याची साल शक्य तितकी अखंड सोलून ती पाटावर सपाट दाबावी. ती कडेने फाटते. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना असेच होते. ही फाट लपविण्यासाठी नकाशाकारास कोठे तरी ताणावे लागते. मर्केटर नावाच्या भूगोलज्ञाने १५६९ साली जी रीत काढली, ती खलाशांस दिशा बिनचूक मिळावी म्हणून काढली होती. तिच्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसतसा प्रदेश फुगत जातो. ६० अक्षांशावर लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट होतात. आणि बाजू दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते, हे आपण मैदानावर पाहिलेच आहे. ह्या नकाशावर कझाकस्तान भारताच्या सुमारे दीडपट दिसतो आणि मंगोलिया भारताच्या बरोबरीस येऊ पाहतो. वस्तुतः तो भारताच्या निम्म्याहूनही लहान आहे. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, पण आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. भ्रमणध्वनीवर पाहावयास मिळणारे पुष्कळ नकाशेही ह्याच रीतीचे असतात. म्हणून क्षेत्रफळाची तुलना पृथ्वीच्या गोलावर किंवा समक्षेत्र नकाशावरच करावी.

दुसरी फसगत नकाशासंग्रहात होते. एका पानावर महाराष्ट्र, दुसऱ्या पानावर आशिया, आणि दोन्ही पाने सारखीच. लहान मुलाला दोन्ही प्रदेश सारखेच वाटले तर नवल नाही. नकाशा पाहताना प्रथम त्याचे प्रमाण वाचण्याची सवय लावावी.

तिसरी फसगत आकाराची. नेपाळ सुमारे ८०० किलोमीटर लांब पसरलेला व अरुंद आहे. बांगलादेश त्या मानाने आटोपशीर आहे. डोळ्यांस नेपाळ मोठा वाटतो, पण दोघांची क्षेत्रफळे जवळजवळ सारखी आहेत. चौकटीच्या कागदावर चार गुणिले चार आणि दोन गुणिले आठ असे १६-१६ चौकोनांचे दोन आयत काढावेत व त्यांची परिमिती मोजावी. पहिल्याची १६ येते, दुसऱ्याची २०. कुंपणास तार जास्त लागली म्हणून शेत मोठे ठरत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलास लगेच पटते.

दोन पुस्तकांत आकडे वेगळे का ?

जागरूक विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच. त्याची चार कारणे सांगावीत. पहिले, काही पुस्तके नद्या व सरोवरे धरून क्षेत्रफळ देतात, काही केवळ जमीन मोजतात. भारताची केवळ जमीन मोजली तर ती सुमारे २९.७३ लाख चौरस किलोमीटर भरते. बांगलादेशात नद्यांचे पात्र फार. केवळ जमीन मोजल्यास तो सुमारे १.३० लाखावर येतो आणि नेपाळच्या मागे पडतो. दुसरे, सीमेविषयी राष्ट्राराष्ट्रांत वाद असतात व प्रत्येक पुस्तक आपापल्या पक्षाने मोजते. आपण भारत सरकारने प्रसिद्ध केलेला आकडा वापरावा. तिसरे, काही देश दोन खंडांत पसरलेले आहेत. रशियाचा सुमारे १ कोटी ३० लाख चौरस किलोमीटरांचा भाग आशियात मोडतो; तो चीनहूनही मोठा आहे. म्हणून ‘सर्वस्वी आशियात असलेला सर्वांत मोठा देश चीन’ असे नेमके म्हणावे.

चौथे कारण असे की, क्षेत्रफळ काळानुसार बदलते. सिंगापूर १९६० च्या सुमारास सुमारे ५८० चौरस किलोमीटरांचे होते. समुद्रात भराव टाकून ते आज सुमारे ७३५ पर्यंत वाढले आहे. सात बेटे भरावाने जोडून मुंबई झाली, हे ठाऊक असणाऱ्या मराठी मुलास त्याचे कोडे वाटणार नाही. राज्यांच्या सीमाही बदलतात. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळे होईपर्यंत मध्य प्रदेश हे भारतातील सर्वांत मोठे राज्य होते. आज राजस्थान पहिले आहे, आणि मध्य प्रदेश महाराष्ट्राहून जेमतेम तीन पिंपरी-चिंचवडांएवढाच मोठा आहे. शाळेतील जुना नकाशा लावताना त्याचे वर्ष पाहावे.

मोठा देश म्हणजे काय ?

पाठाच्या शेवटी शंभर चौकोनांच्या मंगोलियाकडे पुन्हा वळावे. शंभर पुणे जिल्ह्यांच्या ह्या देशात सुमारे ३५ लाख माणसे राहतात. आपल्या एका जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांहून अधिक माणसे होती. एकट्या पिंपरी-चिंचवड शहरात १७ लाखांहून अधिक. उलट पेन्सिलीच्या टिंबाएवढ्या सिंगापुरात सुमारे ६० लाख लोक राहतात. नेपाळ व बांगलादेश क्षेत्रफळाने जुळे, पण नेपाळात सुमारे तीन कोटी माणसे आणि बांगलादेशात सुमारे सतरा कोटी. कारण एकाची भूमी बव्हंशी डोंगराळ, तर दुसऱ्याची नद्यांच्या गाळाची.

आपल्या देशातही हेच दिसते. महाराष्ट्र बिहारच्या सव्वातीनपट मोठा. परंतु २०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी व बिहारची १०.४१ कोटी होती. एका चौरस किलोमीटरमागे महाराष्ट्रात ३६५ माणसे, बिहारात १,१०६. शेजारच्या बाकावरील मुलाचे वडील इतक्या दूर चाकणला कामास का आले, ह्याचे एक कारण ह्या दोन आकड्यांत आहे. हे मुलांनी स्वतः भागाकार करून काढले, तर परप्रांतातून आलेल्या सोबत्याविषयी घरीदारी ऐकलेले वावगे शब्द त्यांच्या तोंडून आपोआप कमी होतील. उपदेशाने जे साधत नाही, ते कधी कधी भागाकाराने साधते.

तेव्हा, केवळ क्षेत्रफळावरून देशाचा मोठेपणा ठरत नाही व लहानपणही ठरत नाही. तुलना करावयाची ती गर्वासाठी किंवा खंत करण्यासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी.

स्वाध्याय

१. घरच्या किंवा नातेवाइकांच्या सातबारा उताऱ्यावरील क्षेत्र वडील माणसांच्या अनुमतीने पाहून ते गुंठ्यांत व एकरांत लिहा. (ज्यांच्या घरी जमीन नाही, त्यांनी शाळेच्या आवाराचे क्षेत्र मोजावे. कोणाचे किती, हे वर्गात वाचून दाखवू नये.)
२. भूतानसारखे किती देश महाराष्ट्रात मावतील ?
३. हाँगकाँग हा चीनचा विशेष प्रशासकीय प्रदेश सुमारे १,११० चौरस किलोमीटरांचा व मकाव सुमारे ३३ चौरस किलोमीटरांचा आहे. प्रत्येकाची पिंपरी-चिंचवडशी तुलना करा.
४. एका नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर व दुसऱ्यात १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर आहे. एकच जिल्हा पहिल्या नकाशात दुसऱ्याच्या किती पट जागा व्यापील ? (उत्तर दोन नव्हे.)

शिक्षकबंधुभगिनींस एवढीच विनंती की, आखलेला गुंठा पाठ संपल्यावर लगेच पुसू नये. पावसाने पुसेपर्यंत तो मैदानावर राहू द्यावा. मुले त्यात खेळतील, उड्या मारतील, त्याच्या कडेकडेने चालतील. पुढे कधी एखाद्या कागदावर सही करण्याची वेळ त्यांच्यावर आली, तर कागदावरच्या आकड्यामागे त्यांस हा पांढऱ्या फक्कीचा चौरस दिसेल आणि सही करण्यापूर्वी ती क्षणभर थांबून हिशेब करतील.